महाडची विंचूदंश चाचणी : पार्श्वभूमी

लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी एकटीच द्यावी, की तिच्या जोडीला विंचूदंशाची प्रतिविष लसही द्यावी, या प्रश्नाचा निकाल देणारी एक चाचणी रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या रुग्णालयात झाली व 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. चाचणीत रुग्ण होते अवघे 70. तातडीच्या वैद्यकीय उपचारांवरील संशोधन मोठ्या शहरांतील शिक्षण-रुग्णालयांत होते, अशी आपली समजूत असते. परंतु या विषयातील महत्त्वाचे काम तालुक्याच्या गावी, रात्री-अपरात्री झोळीतून किंवा जीपमधून आणलेल्या रुग्णांच्या खाटेशेजारी झाले आहे. त्या 70 रुग्णांच्या आकड्यांचा अर्थ लावायचा तर त्यामागची पन्नास वर्षे पाहावी लागतात.

कोकणातील लाल विंचू आकाराने लहान असतो. प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी त्याच्या कोकणी उपजातीला दिलेल्या शास्त्रीय नावातच कोकणाचा उल्लेख आहे. दगडी भिंतींच्या फटी, लाकूडफाटा, पेंढा, अंगणात काढून ठेवलेल्या चपला या त्याच्या लपण्याच्या जागा, त्यामुळे दंश होतो तो बहुतेक वेळा घरात किंवा घराच्या आसपासच. याचे विष मज्जातंतूंच्या सोडियम मार्गिका, म्हणजे सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारे, बंद होऊ देत नाही, आणि परिणामी शरीराची स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणारी, मज्जासंस्था बेफाम चालू राहते. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ आणि पुरुष रुग्णांत लिंगाची वेदनादायक ताठरता दिसते. त्यानंतर अॅड्रिनॅलिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन यांचा रक्तात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार येतो आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून गुलाबी फेस येऊ लागतो. विंचवाच्या विषाने माणूस मरतो तो मुख्यत्वे हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन.

दंशाच्या जागी असह्य ठणका असलेल्या माणसाला सहसा फारसा धोका नसतो, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला कित्येकदा दंशाच्या जागी विशेष दुखतही नसते. या विसंगतीमुळे मोठा घोळ झाला. वेदना म्हणजेच विष, असे मानणाऱ्या घरच्या माणसांना पोर शांत पडले की विंचू उतरला असे वाटे. मांत्रिकाने विंचू उतरवल्याच्या हकिगतींमागे बहुतेक ही साधी गोष्ट असावी, कारण ज्यांना नुसताच ठणका होता ते मंत्राविनाही बरे होणारच होते. ज्याला घाम फुटला आहे आणि ज्याचे हातपाय गार पडले आहेत, त्याचे तेवढ्यात मोलाचे तास निघून जात.

रुग्णालयात पोहोचलेल्यांचीही स्थिती फार वेगळी नव्हती. 1961 मध्ये डॉ. मुंडले यांनी विंचूदंशावरील आपला लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, आणि कोकणातील मृत्यूंकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले गेले. पुढची दोन दशके उपचार मात्र अंदाजावर चालू राहिले. पेथिडीन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन यांचे मिश्रण दिले जाई. स्टेरॉइड दिले जाई. घाम आणि लाळ थांबवण्यासाठी अॅट्रोपिन दिले जाई. यांतले प्रत्येक औषध कुठल्या तरी एका लक्षणाकडे पाहून निवडलेले होते. आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि दमलेले हृदय या मूळ दुखण्यावर त्यांपैकी एकही नेमके काम करत नव्हते. 1961 ते 1983 या काळात गंभीर विषबाधा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत, अशी नोंद बावस्करांनी आपल्या लेखांतून केली आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. तेथे प्रयोगशाळा नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता. त्यांनी केले ते इतकेच की विंचूदंशाच्या रुग्णाजवळ बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान आणि श्वास यांची नोंद ठेवली. आज हे ऐकायला सोपे वाटते. रुग्णांची रांग लागलेल्या आरोग्य केंद्रात, एकट्या डॉक्टराने, मदतीला मोजकी माणसे असताना, वर्षानुवर्षे अशा नोंदी ठेवणे किती कठीण आहे हे ज्यांनी अशा केंद्रांत काम केले आहे त्यांनाच ठाऊक. त्या नोंदींतून 1982 चा ‘लॅन्सेट’मधील लेख उभा राहिला. उलटी, भरपूर घाम, लिंगाची ताठरता आणि गार पडलेले हातपाय ही पुढे येणाऱ्या हृदयविकाराची पूर्वसूचना आहे, असे त्या लेखाने सांगितले. रुग्ण दारात येताच यंत्राविना, केवळ डोळ्यांनी आणि हाताच्या स्पर्शाने, कोणावर बारीक लक्ष ठेवायचे हे त्यामुळे ठरवता येऊ लागले.

मग उपचाराचा प्रश्न. विंचवाच्या विषाने रक्तात अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये वाढतात आणि हृदयाच्या स्नायूंना इजा होते, हे इस्रायलमधील बीरशेबा येथील मोशे गुएरॉन यांच्या अभ्यासांतून पुढे आले होते. हे खरे असेल, तर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल केल्या की हृदयावरचा भार हलका व्हायला हवा, हा तर्क सरळ होता. शिरेतून देण्याचे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे काम करू शकते, परंतु ते देताना रक्तदाबावर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते, आणि ती सोय तालुक्याच्या गावी नव्हती. प्राझोसिन ही मात्र उच्च रक्तदाबासाठी सत्तरच्या दशकात वापरात आलेली, स्वस्त आणि तोंडावाटे देता येणारी गोळी होती. रक्तवाहिन्यांवरील ज्या अल्फा ग्राहकांवर नॉरअॅड्रिनॅलिन काम करते, तेच ग्राहक ही गोळी अडवते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवे ठेवायचे, उचलून बसवायचे नाही, आणि हातपाय पुन्हा उबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी मात्रा द्यायची, ही पद्धत बसत गेली. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अनुभव छापला. 1984 नंतरच्या काळातील मृत्यूंचे प्रमाण बावस्करांच्या नोंदींनुसार सुमारे 1 टक्क्यावर आले. याच सुमारास आणि पुढेही मुंबईत डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी इन्सुलिन आणि ग्लुकोज देण्याची वेगळी दिशा अभ्यासली. ग्रामीण व्यवहारात मात्र गोळीच टिकली.

30 टक्क्यांवरून 1 टक्का, हा आकडा कसा वाचायचा? ही तुलना आधीच्या काळातील रुग्णांशी केलेली आहे, आणि अशी तुलना संशोधनाच्या पायऱ्यांवर खालची मानली जाते. त्याच वर्षांत कोकणातील रस्ते सुधारले, माणसे लवकर रुग्णालयात येऊ लागली, आधीची घातक ठरू शकणारी औषधे मागे पडली. या सगळ्याचा वाटा त्या घसरणीत असणारच. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्या रुग्णांना प्राझोसिन आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, दिला असता, तरच गोळीचा निव्वळ वाटा मोजता आला असता. तरीही फरक इतका मोठा होता, त्यामागचे शरीरशास्त्र इतके सुसंगत होते आणि हातपाय उबदार होताना डोळ्यांसमोर इतके स्पष्ट दिसत होते, की फेस येणाऱ्या मुलासमोर प्लासिबोची गोळी धरण्याचा विचार कोणत्याही प्रामाणिक डॉक्टराला सोसला नसता. माझ्या मते तो निर्णय योग्य होता, आणि त्याची किंमत म्हणून या पुराव्याची मर्यादाही आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

प्राझोसिन विषाचा परिणाम थोपवते, विष मात्र शरीरात तसेच राहते. विषालाच निष्प्रभ करणारी लस घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते, आणि लाल विंचवासाठी ती मुंबईच्या हाफकिन संस्थेने बनवली. पश्चिम महाराष्ट्रातील एका ग्रामीण रुग्णालयातून डॉ. नातू, मूर्ती आणि देवधर यांनी 2006 मध्ये या लसीचा चांगला अनुभव प्रसिद्ध केला. परंतु जगभरातील पुरावा उलटसुलट होता. ट्युनिशियात तातडीच्या विभागात आलेल्या 825 रुग्णांवर झालेल्या आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत लस आणि प्लासिबो यांच्यात फरक आढळला नाही. याउलट अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात अवघ्या 15 मुलांवर केलेल्या, 2009 मधील चाचणीत लस मिळालेली आठही मुले चार तासांत बरी झाली, आणि प्लासिबो मिळालेल्या सातांपैकी एकच. या दोन निकालांत विरोध दिसतो, पण दोन्ही ठिकाणचे विंचू वेगळे, विषे वेगळी, लसी वेगळ्या, आणि सहभागी रुग्णांच्या विषबाधेची तीव्रताही वेगळी. ट्युनिशियाचा निकाल महाडला लागू करता येत नव्हता, अॅरिझोनाचाही नाही. कोकणातील विंचवाचे उत्तर त्याच विंचवाचा दंश झालेल्या माणसांतच शोधणे भाग होते.

महाडच्या चाचणीचा आराखडा याच गरजेतून आला. सर्वांगावर लक्षणे दिसू लागली आहेत, पण फुप्फुसांत पाणी भरण्याची अवस्था अजून आलेली नाही, असे रुग्ण घेतले गेले. यादृच्छिक विभागणीने 35 जणांना प्राझोसिन आणि लस, 35 जणांना फक्त प्राझोसिन मिळाले. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या पहिल्या गटात 32, दुसऱ्या गटात 8. बरे होण्याचा सरासरी काळ पहिल्या गटात 8 तास, दुसऱ्यात 17.7 तास. तालुक्याच्या रुग्णालयात रात्रभर जागणाऱ्या नातेवाइकांच्या आणि एका परिचारिकेच्या दृष्टीने हे दहा तास फार मोठे असतात.

मात्र त्याच लेखात दुसराही एक आकडा आहे, आणि तो कमी वाचला जातो. उपचार सुरू झाल्यावरही विषबाधा पुढच्या, अधिक गंभीर पायरीवर गेलेले रुग्ण लसीच्या गटात 4 होते आणि केवळ प्राझोसिनच्या गटात 5. म्हणजे लसीने बरे होणे लवकर घडवले. अधिक बिघाड रोखण्यात तिचा वेगळा फायदा या चाचणीत दिसला नाही. शिवाय कोणाला काय दिले आहे हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक होते, त्यामुळे रुग्ण बरा झाला असे ठरवताना नकळत झुकते माप पडण्याची शक्यता उरते. 70 रुग्णांतून मृत्यूंबद्दल काहीही ठरवता येणार नव्हते; जिथे मृत्यूच 1 टक्क्याच्या आसपास आले आहेत, तिथे तो फरक मोजायला हजारो रुग्ण लागतील.

2014 मध्ये पुद्दुचेरीच्या जिपमर संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी 50 मुलांवर हाच प्रश्न पुन्हा तपासला आणि लसीची जोड मिळालेली मुले लवकर बरी होतात असेच त्यांना आढळले. वेगळा प्रदेश, वेगळे संशोधक, वयाने लहान रुग्ण, आणि उत्तर तेच, म्हणून महाडच्या निकालाला यामुळे खरे बळ आले. दोन्ही चाचण्यांत तुलना लसीची होती. प्राझोसिन, जिची प्लासिबोशी तुलना कधी झाली नव्हती, ती गोळी दोन्ही ठिकाणी दोन्ही गटांतील प्रत्येक रुग्णाला दिली गेली होती.