सशाच्या अंगावर पिसवा की माइट्स?

ससा सारखा मागच्या पायाने मान खाजवायला लागला की आपल्याकडे निदान एका दमात होतं : "पिसवा झाल्यात." मग कुत्र्यासाठी आणलेली बाटली निघते, नाहीतर गोठ्यातलं गोचिडाचं औषध. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा, पडवीत पोरांचा ससा आणि मागे गोठ्यात म्हैस असं घर सापडतंच. त्यामुळे काही ना काही औषध हाताशी असतं, आणि घोळ तिथेच होतो. पिसवा आणि माइट्स (डोळ्यांना सहसा न दिसणारे बारीक किडे) ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकावरचं औषध दुसऱ्यावर बहुतेक वेळा चालत नाही. हाताशी असलेली बाटली तर या दोघांच्या आधी सशालाच संपवू शकते.

पिसू डोळ्यांना दिसते. दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, सहा पायांची. केस बाजूला केले की सरकन आत पळते, नाहीतर उडी मारते. सशावर सापडते ती बहुधा मांजरावरचीच पिसू, त्यामुळे ससा पिंजऱ्याबाहेर पडत नसला तरी दारात येणारं मांजर पुरेसं होतं. पिसू हाती लागली नाही तर तिची घाण शोधा : मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी बारीक काळे कण दिसतात. ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवाच. खानापूर बाजूच्या तांबड्या मातीत लोळलेल्या सशाबाबत जरा जपून, मातीचाही डाग तांबडाच पडतो. पण मातीचा कण कोरडा असतानाही तांबडा असतो. पिसूची घाण भिजेपर्यंत काळी दिसते.

माइट्स कोळ्याच्या जातकुळीतले, आठ पायांचे, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ते उडी मारत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांना सहसा दिसतही नाहीत. दिसतं ते त्यांनी करून ठेवलेलं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये किंवा शेपटीच्या वर जाड पांढरा कोंडा आणि विरळ झालेले केस दिसले तर केसांतल्या माइट्सचा संशय घ्यावा. बारीक फणीने तो कोंडा काळ्या पुठ्ठ्यावर झाडा आणि उजेडात मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. एखादा कण चालताना दिसला तर शंकेला जागा उरत नाही. काहीच हललं नाही म्हणून मात्र माइट्स नाहीत असं धरू नका.

कानातल्या माइट्सची तऱ्हा वेगळी. ससा डोकं झटकतो, एक कान खाली पाडतो, आणि आत कॉर्नफ्लेक्स चुरून भरल्यासारखे तपकिरी खपल्यांचे थर दिसतात. ते बघून कुणाचाही हात शिवशिवतो. पण खपल्या ओढायच्या नाहीत. खाली कच्ची त्वचा असते, सशाला भयंकर दुखतं, आणि औषध लागू पडलं की त्या आपोआप गळतात. माइट्सचा तिसरा प्रकार खरजेचा. नाक, ओठ, कानाच्या कडा आणि पंजे इथे करड्या-पांढऱ्या खपल्या धरतात. हे किडे कातडीत बिळं करून राहतात, म्हणून डॉक्टर त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

आणखी एक खूण माणसाच्या अंगावर मिळते. घरातल्यांच्या घोट्यांना, पोटऱ्यांना चावे असतील तर पिसवा, कारण त्या जमिनीवरून उडी मारतात. ससा उचलून घेणाऱ्याच्या हातांवर आणि पोटावर लाल पुरळ असेल तर माइट्सकडे बोट जातं.

उपायाची दिशाही इथेच फुटते. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा थोडाच भाग. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष घरात पडलेले असतात. सशाखालचं गोणपाट, सारवलेल्या जमिनीच्या भेगा, कोचाच्या फटी. एक मादी दिवसाला 40-50 पर्यंत अंडी घालू शकते आणि ती अंगावर न टिकता खाली गळतात. कोषातली पिसू तर कित्येक आठवडे गप्प राहते आणि पावलांचा कंप व ऊब जाणवली की बाहेर पडते. मे महिन्यात घर बंद ठेवून गावाला जाऊन आलेल्यांना उंबऱ्यातच चावे बसतात ते यामुळे. म्हणून गोणपाट जाळा किंवा उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवा, फटी रोज झाडा, आणि मांजर-कुत्र्यावर त्यांचा त्यांचा उपचार करा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पावसात ऊन मिळणार नाही, तिथे अंथरूण बदलत राहणं एवढंच हातात आहे.

माइट्समध्ये मुख्य रोगी ससाच. पिंजरा स्वच्छ करायचाच, पण खरं काम औषधाचं. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून डॉक्टर साधारण 10 ते 14 दिवसांच्या अंतराने पुन्हा देतात. ससा बरा दिसतोय म्हणून दुसरा डोस चुकवला की महिन्याभरात पुन्हा तेच रडगाणं. पाठीवरचा कोंडा वारंवार येत असेल तर सशाचे दात आणि वजनही तपासून घ्या. दात वाढलेला किंवा लठ्ठ ससा स्वतःला नीट चाटू शकत नाही, आणि माइट्सचं फावतं.

आता औषधांची नावं. माइट्सवर आयव्हरमेक्टिन चालतं, पिसवांवर त्याचा भरवसा नाही. इमिडाक्लोप्रिडचं मानेवर सोडायचं औषध पिसवा मारतं, माइट्स नाही. सेलामेक्टिन दोन्हींवर चालतं. तिन्ही डॉक्टरांनी वजन करून द्यायची. शेतातलं इमिडाक्लोप्रिड हा त्याला पर्याय नव्हे, हे ऊसवाल्या घरांत मुद्दाम सांगावं लागतं.

फिप्रोनिल मात्र सशाला कधीच नाही. कुत्र्या-मांजराच्या कितीतरी औषधांत ते असतं, उसाच्या खोडकिडीलाही टाकतात. सशाने खाणं सोडणं, मलूल पडणं, झटके, मृत्यू, हे काही तासांत किंवा काही दिवसांनी होऊ शकतं. गोचिडासाठी म्हशीला चोळतात ती डेल्टामेथ्रिन-अमिट्राझची द्रावणंही घरच्या घरी सशाला लावू नका. निपाणीकडे तंबाखूचं पाणी सुचवणारे भेटतील. निकोटिन विष आहे, आणि ससा अंग चाटतो. पोटात गेलेलं उलटून टाकणं त्याला जमतच नाही.

गुरांच्या आयव्हरमेक्टिनचा हिशोबही बघा. 1 टक्का इंजेक्शनच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं. 400 किलोच्या म्हशीला 8 मिलिलिटर लागतं. सशाला किलोमागे साधारण 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या सशाला फार तर 0.06 मिलिलिटर, जेमतेम एक थेंब. नेहमीच्या सिरिंजवर एवढी रेघ सापडायची नाही. गुरांच्या दवाखान्यात दिवसभर म्हशी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलात तरी चालेल, पण आधी सशाचं वजन करून घ्यायला सांगा.

आंघोळ घालू नका. घाबरलेला ससा मागचे पाय इतक्या जोरात झाडतो की कणा मोडू शकतो, आणि भिजलेल्या सशाला गारठा पटकन बाधतो. अपवाद एकच : चुकीचं औषध लावून झालं असेल तर. तेव्हा नुसता तेवढा भाग भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने पूर्ण कोरडा करा, अंग चाटू देऊ नका, आणि झटक्यांची वाट न बघता ससा आणि ती बाटली, दोन्ही घेऊन दवाखाना गाठा.