पायाच्या नखांची बुरशी

नखाखाली आणि नखात बुरशी वाढून नख पिवळट किंवा पांढुरके, जाड व ठिसूळ होते, पुढच्या कडेकडून बोटापासून सुटू लागते. या विकाराला वैद्यकात ‘ओनिकोमायकोसिस’ म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांत ‘नख सडलं’ एवढे बोलून विषय संपतो आणि दोष चिखलाला किंवा काळ्या मातीला दिला जातो. हा दोष अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा न कळल्यामुळे एकाच घरातली माणसे वर्षानुवर्षे हा त्रास अंगावर काढतात.

या रोगात सर्वांत जास्त सापडणारी बुरशी म्हणजे ट्रायकोफायटन रुब्रम. तिच्याखालोखाल ट्रायकोफायटन इंटरडिजिटेल. नख, केस आणि कातडीचा वरचा थर केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, आणि या बुरशी त्या केराटिनवरच जगतात. साधारण २८ ते ३० अंश तापमान रुब्रमला मानवते, त्यामुळे शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड राहणारे पाऊल तिला सोयीचे पडते. मुख्य गोष्ट अशी की या दोन्ही बुरशी माणसाच्या अंगावर राहणाऱ्या आहेत. शेतातली माती हे त्यांचे घर नव्हे. नखात त्या येतात त्या बहुतेक वेळा आपल्याच बोटांच्या बेचक्यातून, आणि बेचक्यात येतात दुसऱ्या कुणाच्या तरी पायावरून. बाधित पायाच्या कातडीचे बारीक कोंडे गळतात आणि त्यांतली बुरशी कित्येक महिने जिवंत राहू शकते. न्हाणीतला ओला दगड, पाय पुसायचे एकच फडके, घरभर फिरणारे नखकटर किंवा न्हाव्याची नराणी, आणि दाराशी पडलेली ती चप्पल, जी जो उठेल तो पायात सरकवून परसाकडे जातो, या सगळ्या तिच्या वाटा आहेत.

मग चिखलाचे काय? चिखल बुरशीला वाट करून देतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाच्या रोपांची लावणी, लागली की बाया सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बांधीत, म्हणजे पाणी साचवलेल्या धानाच्या शेतात, वाकून उभ्या असतात. पावले पाण्यात भिजून पांढरी पडतात, बेचक्यातली कातडी फुगते आणि चिरते. यालाच चिखल्या म्हणतात. सुरुवातीला ती नुसती भिजल्याची जखम असू शकते, पण चिरलेल्या कातडीत बुरशी सहज बस्तान बसवते. रोवणी आटोपते, पाय कोरडे होतात, खाज कमी होते आणि मलम फडताळात जाते. बुरशी मात्र तिथेच राहते. पुढे ती नखाच्या मोकळ्या कडेखालून आत शिरते आणि मुळाकडे सरकू लागते. बहुतेकांत रोग असाच सुरू होतो, आणि बहुधा अंगठ्यापासून. म्हणून नखबुरशीचे मूळ शोधायचे तर नखाआधी बेचके पाहावे.

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात चिखलापेक्षा मार अधिक महत्त्वाचा ठरतो. अंगठ्याला ढेकळाची ठेच लागते, पऱ्हाटीचे धसकट लागते, बैलाचा पाय बोटावर पडतो. नख खालच्या मांसापासून किंचित सुटते आणि मधल्या पोकळीत ओल व मळ साचतो. येथे मात्र मातीवरचा आरोप काही अंशी खरा आहे. मातीत व झाडझाडोऱ्यावर वाढणाऱ्या फ्युजेरियम, निओसायटॅलिडियम यांसारख्या बुरशी अशा दुखावलेल्या नखात शिरू शकतात, आणि नेहमीच्या औषधांना त्या कमी दाद देतात.

साप-विंचू आणि फवारणी यांपासून वाचायला बंद बूट हवेतच, ते टाळा असे कोणी सांगू नये. पण उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा रबरी बुटात पाऊल घामाने भिजलेलेच असते. बूट काढल्यावर पाय धुऊन बेचकी कोरडी पुसली नाहीत, तर कोरड्या शेतातही चिखल्या होतात.

वय वाढते तसे नख सावकाश वाढते आणि पायाचा रक्तपुरवठा मंदावतो. लहान मुलांत हा रोग विरळाच. सोरायसिस हा कातडीचा विकार, धूम्रपान आणि कमी झालेली प्रतिकारशक्ती यांनीही धोका वाढतो. एचआयव्हीबाधितांत बुरशी कधी कधी नखाच्या मुळाकडूनच सुरू होते. काही घराण्यांत रुब्रमला बळी पडण्याचा कल अनुवंशिक असतो. या सगळ्यांत मधुमेहाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. बधिर झालेल्या पावलाला ठेच कळत नाही, जाड नख खालच्या मांसावर रुतते ते कळत नाही, आणि तिथली जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. ज्यांचे नख बिघडले आहे आणि साखर कधीच तपासलेली नाही, त्यांनी ती आधी तपासावी.

रोग लांबतो तो नखाच्या गतीमुळे. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख पुरते नवे यायला १२ ते १८ महिने लागतात. एका रोवणीत गेलेले नख पुढच्या रोवणीपर्यंत पूर्ण आलेले असेलच असे नाही. ते बाहेर येईपर्यंत बेचक्यातली आणि चपलेतली बुरशी तशीच राहिली, तर नवे नखही तिच्याच तावडीत जाते.

बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी असते. सोरायसिस, लायकेन प्लॅनस हा कातडीचा आणखी एक विकार, वारंवार लागलेला मार, नखाखाली गोठलेले रक्त, हळद-मेंदीचा डाग, हे सगळे वरवर तसेच दिसते. म्हणून नखाखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही साधी, स्वस्त तपासणी आहे. बुरशी दिसली, तर टर्बिनाफिनची गोळी पायाच्या नखांसाठी साधारण १२ आठवडे देतात, तीही यकृताची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तपासणी न करता दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने चिखल्यांची लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी अधिक पसरते.