बंदूक ‘बाळगणे’ आणि बंदूक ‘नेणे’: अमेरिकेतील मोटारप्रवासात होणारी गल्लत

अमेरिकेतील मराठी मंडळींत पिस्तुलाचे परमिट काढलेली माणसे आता भेटू लागली आहेत, आणि लांबच्या मोटारप्रवासाचा विषय निघाला की त्यांच्याकडून हमखास ऐकू येते, “परमिट आहे ना, मग कसली काळजी?” त्यावर दुसरे कोणीतरी तितक्याच खात्रीने सांगते, की परमिटचीसुद्धा गरज नाही, केंद्राचा कायदा आहे, पिस्तूल डिकीत टाकले की झाले. ही दोन विधाने दोन वेगवेगळ्या कायद्यांविषयी आहेत, दोन्ही अर्धवट आहेत, आणि दोन्हींवर विसंबणारा माणूस न्यू जर्सीच्या तुरुंगात पोहोचू शकतो. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन नेमकी क्रियापदे आहेत, ‘बाळगणे’ आणि ‘नेणे’. ती काटेकोरपणे वापरली तरी निम्मा गोंधळ मिटेल.

बाळगण्याचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो थोडक्यात सांगतो. भरलेले पिस्तूल कमरेला किंवा गाडीत हाताशी ठेवण्याची परवानगी राज्य देते, आणि ती दुसऱ्या राज्यात चालते की नाही हे ते दुसरे राज्य ठरवते. ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालते, म्हणून परमिटही चालेल असे माणूस नकळत गृहीत धरतो. गल्लतीचे मूळ बहुधा याच सवयीत आहे. भारतात शस्त्रपरवान्यावरच तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे हे लिहिलेले असते. अमेरिकेत ते समोरच्या राज्याच्या कायद्यात शोधावे लागते. ओहायो इतर राज्यांची परमिटे मानते. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही राज्ये दुसऱ्या कोणाचेही परमिट मानत नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला, त्यानेही यात फरक पडलेला नाही. ओहायोत २०२२ पासून परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येते, पण तिथला माणूस परमिट न काढता भरलेले पिस्तूल घेऊन पेनसिल्व्हेनियात शिरला, तर तिथे गाडीत तसे पिस्तूल ठेवण्यास परवाना लागतो, आणि त्याच्याकडे दाखवायला काहीच नसते.

ही चूक किती महागात पडते, याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे परमिट असलेल्या एका स्त्रीला न्यू जर्सीत वाहतूक पोलिसाने थांबवले. तिने आपणहून, प्रामाणिकपणे, गाडीत पिस्तूल असल्याचे सांगितले आणि तिला अटक झाली. परवान्याविना पिस्तूल बाळगणे हा न्यू जर्सीत पाच ते दहा वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि सध्याच्या नियमानुसार त्यात पॅरोलशिवाय किमान ४२ महिने भोगावे लागतात. त्या स्त्रीला २०१५ मध्ये गव्हर्नरांनी माफी दिली. अशा माफीच्या भरवशावर कोणी न्यू जर्सीत नेणारा पूल ओलांडू नये.

आता ‘नेणे’. १९८६ च्या केंद्रीय कायद्यातील एक कलम, ज्याला लोक ‘सेफ पॅसेज’ म्हणतात, असे सांगते, की जिथे आपल्याला बंदूक ठेवण्याचा आणि बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे अशा ठिकाणाहून, तसाच हक्क असलेल्या दुसऱ्या ठिकाणी, ती नेता येते, मग मधल्या राज्यांचा कायदा काहीही असो. बंदूक रिकामी असली पाहिजे, आणि ती व काडतुसे प्रवासी बसतात त्या भागातून हाताला लागता कामा नयेत. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत दोन्ही कुलूपबंद पेटीत हवीत, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कन्सोल ही कुलूपबंद पेटी मानली जात नाही, असे कायद्यातच लिहिले आहे.

बहुतेक जण एवढेच वाचून थांबतात आणि ‘डिकीत टाकले की झाले’ असा निष्कर्ष काढतात. खरी मेख ‘ठिकाणाहून ठिकाणी’ या शब्दांत आहे. हे कलम पिस्तूल गाडीत कसे ठेवले आहे एवढेच पाहत नाही, प्रवास कुठून कुठे चालला आहे हेही पाहते. पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फियाहून पानगळीचे रंग पाहायला न्यू हॅम्पशायरला निघालेले कुटुंब घ्या. वाटेत न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्स लागतात, आणि यांपैकी एकही राज्य त्यांचे परमिट मानत नाही. परंतु निघण्याच्या ठिकाणी त्यांच्याकडे परमिट आहे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये २०१७ पासून परमिटची गरजच नाही. दोन्ही टोके कायदेशीर, म्हणून मधल्या चारही राज्यांतून ते पिस्तूल कुलपात नेऊ शकतात. आता तेच कुटुंब, तीच गाडी, तीच कुलूपबंद पेटी, पण मुक्काम एडिसनला मावशीकडे. दुसरे टोकच न्यू जर्सीत आले, तिथे त्यांना पिस्तूल बाळगण्याचा हक्क नाही, आणि पेटीला कितीही कुलपे घातली तरी या कलमाचे संरक्षण मिळत नाही. म्हणजे परमिटचे काम प्रवासाच्या दोन टोकांना असते आणि कुलपाचे काम मधल्या वाटेत. एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही.

हीच गोष्ट रात्रीच्या मुक्कामाची. २००५ मध्ये यूटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउनला विमानाने निघाला होता. न्यू जर्सीतील नेवार्कला पुढचे विमान चुकले, आणि पिस्तूल असलेले सामान हाती घेऊन तो रात्रभर हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे पिस्तुलाची माहिती देताच त्याला अटक झाली. अटकेविरुद्ध त्याने दावा लावला, तेव्हा केंद्रीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले, की हॉटेलातील त्या रात्री पिस्तूल त्याच्या हाताशी होते, म्हणून संरक्षण लागू होत नाही. त्याचा दोष नव्हता, विमान त्याने चुकवले नव्हते, तरी निकाल हाच लागला. मोटारीने जाणाऱ्याने पेट्रोलपुरते थांबणे आणि बॅग खोलीत नेऊन झोपणे यांतले अंतर यावरून ओळखावे. वर सांगितलेला न्यू हॅम्पशायरचा प्रवास सहा-सात तासांचा आहे. तो सलग करावा, आणि मुलांना मधे कुठे दोन दिवस फिरवायचे असेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत ठेवून निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागे आमच्या एका स्नेह्यांच्या दारात मिनीव्हॅन भरली जात होती. थर्मास, उशा, चिवड्याचा डबा आत गेला, आणि शेवटी पिस्तूल कन्सोलमध्ये सरकवले गेले, “पुलाच्या अलीकडे थांबून मागे ठेवू” म्हणून. मी ते घरीच रिकामे करायला लावले, पेटीत घालून कुलूप लावले, काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात घातली आणि दोन्ही सामानाच्या तळाशी ठेवली. रस्त्याच्या कडेला उभे राहून पिस्तूल रिकामे करण्याइतकी वाईट सवय नाही. वाटेत एक जरी राज्य परमिट न मानणारे असेल, तर पूर्ण प्रवासात ते पेटीतच राहावे. शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्यास बंदी घालणारा केंद्रीय नियमही हेच सुचवतो, कारण परमिटची सूट त्याच राज्याने दिलेल्या परमिटला आहे, तर रिकाम्या, कुलूपबंद बंदुकीला सूट सर्वत्र आहे.

मॅगझिनचेही, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या गोळ्यांच्या खोक्याचेही, पाहावे. न्यू जर्सी व न्यू यॉर्कमध्ये दहाहून अधिक गोळ्यांचे मॅगझिन चालत नाही, आणि केंद्रीय कलमात बंदूक व काडतुसांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही. दहाचेच न्यावे.

हे सारे नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी झाले. एच-१बी (नोकरीचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ ठेवण्यासच बंदी आहे. त्यांच्यासाठी ‘बाळगणे’ही नाही आणि ‘नेणे’ही नाही, कारण हे संरक्षण ज्याला मुळात बंदी नाही त्यालाच मिळते.