ब्लेड लावण्याआधी आम्हाला फोटो पाठवा

आम्ही जपानी कॅप्सूल-मशीनमधून (नाणं टाकलं की बंद डबीत खेळणं देणारं यंत्र) निघणाऱ्या माशांच्या छोट्या प्लास्टिक मूर्ती पाठवतो. पार्सल पोचलं की दोन दिवसांत एक निरोप हमखास येतो: "माशाच्या पोटाखाली प्लास्टिकची दोरी राहिली होती, कापून टाकली. जरा बघून पाठवत जा."

ती दोरी म्हणजेच तर तानागोच्या मादीची खूण! तानागो हा जपानच्या ओढ्या-तळ्यांतला बोटाएवढा मासा. विणीच्या दिवसांत मादीच्या पोटाखाली लांब नळी वाढते. ही नळी जिवंत शिंपल्यात घालून मादी आत अंडी सोडते. तानागोंपैकी इतासेनपारा जातीची मादी शरद ऋतूत अंडी घालते आणि पिल्लं थेट पुढच्या वसंतात शिंपल्याबाहेर येतात. एवढ्याशा मूर्तीत कारागिराने ती केसासारखी नळी उतरवलेली असते, आणि नेमकी तीच पहिल्या पाच मिनिटांत जाते.

तुमच्यापैकी बरेचजण विमानं-रणगाड्यांच्या किटकडून इकडे वळलात. तिथे साच्याची कड दिसली की ब्लेड चालवायचं, हे बरोबरच आहे. हे मासे मात्र रंगवून, पूर्ण तयार होऊन येतात. आयू, यामामे आणि इवाना या जपानी नद्यांतल्या माशांच्या शेपटीच्या अलीकडे, पाठीवर, तांदळाच्या कणीएवढा एक मांसल पर असतो. खऱ्या माशालाही तो असतो, तेव्हा घासू नका. ओइकावा या नदीतल्या माशाच्या नराच्या तोंडावरचे दाणे हे रंगाचे फुगे नव्हेत. विणीच्या हंगामात खऱ्या नराच्या तोंडावर असेच खरखरीत दाणे येतात, जपानीत त्यांना 'ओइबोशी' म्हणतात. गेल्या महिन्यात एका ग्राहकाने पॉलिश पेपरने ते गुळगुळीत केले. फोटो बघून आम्हाला फार वाईट वाटलं.

म्हणून विनंती एवढीच, की काहीही जास्तीचं वाटलं तर आधी फोटो पाठवा. त्याच दिवशी उत्तर देऊ. कापलेला मासा मात्र बदलून देता येत नाही. कॅप्सूलच्या मशीनमधला संच संपला की त्याच्या जागी दुसराच येतो. मग तो एक मासा शोधत आम्हाला तोक्योतल्या अकिहाबारा नि नाकानोच्या जुन्या मालाच्या दुकानांत फिरावं लागतं.

"कॅप्सूल उघडलेली का?" असंही विचारता. मशीनमधून कोणता मासा पडेल हे आपल्या हातात नसतं. आम्ही प्रत्येक कॅप्सूल उघडून जात, नर-मादी आणि नळी तपासतो, तेव्हाच तुम्हाला मागितलेला मासा मिळतो. आतला कागद सोबत देतो, तो टाकू नका.

पर वाकडा आला असेल तर थंड असताना सरळ करू नका, तुटेल. गरम पाण्यात (उकळतं नको) दहा-पंधरा सेकंद बुडवा, हलकेच वळवा, लगेच थंड पाण्यात धरा.

मियाको तानागो आणि इतासेनपारा या तानागोच्या दोन्ही जाती १९७४ पासून जपानमध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहेत. खरे मासे हौसेखातर घरच्या टाकीत पाळता येत नाहीत. सध्या इतासेनपाराच्या मूर्तींच्या काही जोड्या आमच्याकडे आहेत. शक्यतो जोडीच घ्या. जांभळट तांबूस नर शेजारी ठेवला की मादीची नळी कशासाठी आहे ते बघणाऱ्याला आपोआप कळतं. मादी वेगळ्या कापसात गुंडाळलेली असते. चिमटा न वापरता बोटांनी, पाठीकडून उचला.