गेममध्ये मॉड टाकणे

संगणकावरच्या खेळात मूळ कंपनीने न दिलेला, खेळाडूंनी स्वतः घडवून जोडलेला बदल म्हणजे मॉड. हा बदल एखाद्या गाडीच्या रंगाएवढा लहान असतो, किंवा नवा नकाशा, नवी पात्रे आणि नवे नियम घेऊन येणारा जवळजवळ स्वतंत्र खेळही असू शकतो. तो बसवण्याला बोलण्यात ‘मॉड टाकणे’ म्हणतात. क्रिकेटच्या गेमला मात्र पॅच मारतात. हे काम करायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. योग्य आवृत्तीची फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवायची, एवढेच त्याचे मूळ रूप आहे. नवख्याचा मॉड चालत नाही तेव्हा दोष बहुधा मॉडमध्ये नसतो. वर्णन वाचलेले नसते, आवृत्ती जुळत नसते, किंवा एका दमात सगळे मॉड टाकलेले असतात.

या प्रथेला जोर आला तो आयडी सॉफ्टवेअरच्या ‘डूम’ (१९९३) या खेळामुळे. त्यात नकाशे, चित्रे आणि आवाज मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या वॅड फाइलींत ठेवले होते. मुख्य प्रोग्रॅमला हात न लावता नवी वॅड फाइल जोडली की नवे डाव खेळता येत. पुढे १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी ‘हाफ-लाइफ’वर ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड केला. वाल्व्ह कंपनीने तो आपल्याकडे घेऊन २००० मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून विकला. ‘डोटा’ हा मुळात ‘वॉरक्राफ्ट ३’वरचा मॉड. गावोगावची मुले फोनवर ज्या पबजीत रमली, त्याचे मूळही ब्रेंडन ग्रीन यांनी ‘आर्मा’ मालिकेवर केलेल्या मॉडमध्ये आहे. मॉडला पोरखेळ समजणाऱ्या पालकांना हा इतिहास सांगायला हवा.

गोव्यात संगणक घरात येण्याला एक सरकारी निमित्तही झाले. २०००च्या दशकात राज्याच्या सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळाले, आणि अभ्यासासाठी आलेल्या यंत्रावर गेम आले नसते तरच नवल. त्या पिढीचा आणि नंतरच्याही अनेकांचा पहिला मॉड म्हणजे ‘क्रिकेट ०७’चा पॅच. ईए स्पोर्ट्सचा हा गेम २००६च्या अखेरीस आला. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. म्हणजे मूळ गेममध्ये आयपीएलचे संघ असणे शक्यच नव्हते. शिवाय परवान्याअभावी भारतीय खेळाडूंची नावेही मोडतोड करून दिलेली होती. खरी नावे, नवे संघ, गणवेश, मैदाने, चेहरे हे सगळे भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या हौशी मंडळींनी पॅचमधून पुरवले, आणि जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रावरही चालणारा हा गेम वर्षानुवर्षे जिवंत ठेवला. नवख्याने शिकायला सुरुवात इथून केली तरी चालेल, कारण फाइलींच्या दोन जागांचा फरक इथे लगेच कळतो. संघांची यादी असलेली रोस्टर फाइल डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमध्ये जाते, तर गणवेश आणि मैदाने गेम जिथे इन्स्टॉल केला आहे त्या मूळ फोल्डरमध्ये. रोस्टर जागेवर ठेवून भागत नाही, गेम उघडून तो आतून लोडही करावा लागतो. ही शेवटची पायरी राहिली की पॅच मारूनही जुनीच नावे दिसतात.

टाकण्याची रीत

प्रत्येक गेमची रीत वेगळी असली तरी क्रम एकच. आधी गेम मॉडशिवाय एकदा चालवून पाहायचा. तोच अडखळत असेल तर मॉड टाकून सुधारणार नाही. मग गेमची आवृत्ती कागदावर लिहून ठेवायची. मग सेव्ह फाइलींची, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या फाइलींची, आणि ज्या मूळ फाइली बदलल्या जाणार त्यांची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा पेनड्राइव्हवर काढायची. त्यानंतरच मॉडच्या पानावरचे वर्णन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचे. कोणत्या आवृत्तीसाठी आहे, आधी दुसरे काय टाकावे लागते, कोणत्या मॉडशी जुळत नाही, या तीन गोष्टी तिथे बहुधा असतात. हे वर्णन जवळपास नेहमी इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या, डिचोली-सत्तरीकडच्या सातवी-आठवीतल्या मुलाला ते जड जाते आणि ते वगळून तो थेट डाउनलोडचे बटण दाबतो. घरातल्या दादाने किंवा ताईने शेजारी बसून ते एकदा वाचून दाखवले, तर पुढचे बरेच रडगाणे टळते. मराठीत अशा सूचना लिहिणारे हात अजून फार थोडे आहेत, आणि ती उणीव खरोखर जाणवते.

जवळून पाहायला ‘माइनक्राफ्ट’ची जावा आवृत्ती चांगली. फोनवर किंवा एक्सबॉक्सवर चालणारी बेडरॉक आवृत्ती निराळी. तिचे मॉड इकडे चालत नाहीत आणि इकडचे तिकडे. जावा आवृत्ती नुसती मॉड ओळखत नाही, त्यासाठी फोर्ज किंवा फॅब्रिक यांसारखा एक लोडर, म्हणजे मॉड गेममध्ये चढवणारा प्रोग्रॅम, बसवावा लागतो. मॉड ज्या लोडरसाठी केला असेल तोच हवा. फॅब्रिक घेतला असे धरू. त्याचा इन्स्टॉलर चालवताना गेमची नेमकी आवृत्ती निवडायची. काम झाले की गेम सुरू करून देणाऱ्या लाँचरमध्ये फॅब्रिकची वेगळी नोंद दिसू लागते. ती निवडून गेम एकदा मुख्य मेनूपर्यंत न्यायचा आणि बंद करायचा. आता विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘अ‍ॅपडेटा’ हा शब्द रोमन लिपीत टाइप केला की एक लपलेले फोल्डर उघडते. त्यात माइनक्राफ्टचे फोल्डर, आणि त्यात मॉड्सचे. मॉडची जार फाइल इथे जशीच्या तशी ठेवायची. इथे नवख्याची हमखास फसगत होते. संगणकावर झिप फाइली उलगडणारा विनरार असेल तर जार फाइलवर त्याचेच पुस्तकांचे चित्र दिसते, आणि ती झिपसारखी फोडून आतल्या शेकडो फाइली मॉड्सच्या फोल्डरमध्ये पसरवल्या जातात. गेम त्यातली एकही ओळखत नाही.

फॅब्रिकच्या अनेक मॉडना फॅब्रिक एपीआय नावाची आणखी एक जार फाइल लागते. तीही त्याच फोल्डरमध्ये जाते. ती राहिली तर गेम सुरू होण्याआधी एक खिडकी उघडते, आणि कोणत्या मॉडला कोणत्या फाइलची कोणती आवृत्ती हवी आहे ते तिच्यात स्पष्ट लिहिलेले असते. मुले ही खिडकी घाईने बंद करतात आणि ‘गेम बिघडला’ म्हणून मोकळी होतात. तिचा फोटो काढून ठेवायला हवा, कारण उत्तर तिथेच असते. गेम मध्येच बंद पडला तर लॉग्सच्या फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटच्या भागात मॉडचे नाव सापडते का ते पाहावे. ‘स्टार्ड्यू व्हॅली’चा स्मॅपी हा लोडर तर गेमबरोबर एक काळी खिडकीच उघडी ठेवतो आणि बिघडलेल्या मॉडची नावे तिच्यात लाल अक्षरांत दाखवतो. नवख्याच्या दृष्टीने इतकी सोय फार थोड्या गेममध्ये आहे.

‘स्कायरिम’ (२०११) हा मॉडचा सागर मानला जातो आणि नवखे तिथेच उडी घेतात. तो पहिला गेम असू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे फाइली हाताने टाकण्याऐवजी व्हॉर्टेक्स किंवा मॉड ऑर्गनायझर २ यांसारखा व्यवस्थापक वापरतात. मॉड ऑर्गनायझर प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेम चालू असतानाच ते एकत्र असल्याचे भासवतो, त्यामुळे मूळ गेमला धक्का लागत नाही. इथला खरा प्रश्न लोडच्या क्रमाचा, म्हणजे कोणता मॉड आधी आणि कोणता नंतर चढतो याचा. दोन मॉड एकच गोष्ट बदलत असतील तर भिंतीवरच्या रंगाच्या थरांसारखे होते: नंतर लागलेला दिसतो, आधीचा झाकला जातो. क्रम लावायला लूट नावाचे साधन आहे. एखादा मॉड दुसऱ्या मोठ्या मॉडवर उभा असेल आणि तो मोठा मॉडच नसेल, तर गेम मुख्य मेनू येण्याआधीच मुकाट्याने बंद होतो. गेमचे अपडेट ही आणखी एक डोकेदुखी. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कायरिमचे मोठे अपडेट आले आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडर या जोड-प्रोग्रॅमवर अवलंबून असलेले मॉड एका रात्रीत बंद पडले. म्हणून स्टीमवर, म्हणजे गेम विकत घेऊन चालवण्याच्या वाल्व्हच्या अ‍ॅपवर, गेमच्या गुणधर्मांत जाऊन, गेम सुरू करतानाच अपडेट व्हावे असा पर्याय निवडून ठेवतात. स्टीम बसवतानाच प्रोग्रॅम फाइल्सऐवजी डी ड्राइव्हवर साधे फोल्डर दिले तर विंडोजच्या परवानग्यांची कटकटही कमी होते.

कोणताही गेम असो, एका वेळी एकच मॉड टाकावा, गेम चालवून पाहावा, मग पुढचा. वीस मॉड एकदम टाकून गेम बंद पडला तर दोषी शोधायला निम्मे काढून पाहायचे, मग उरलेल्यांतले निम्मे, असे करत जावे लागते.

फोनवरचे मॉड

गोव्यातही संगणकाआधी फोन हातात येतो, आणि तिथे एक घातक गोंधळ आहे. ‘मॉड एपीके’ नावाने जे फिरते ते मॉड नव्हे. ते कोणी तरी उघडून, आत बदल करून पुन्हा बांधलेले संपूर्ण अ‍ॅप असते. आत काय घातले आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि घरातला यूपीआय बहुधा त्याच फोनवर असतो. ते टाकूच नये. याउलट ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या गेमने मॉडची सोय स्वतःच दिली आहे. नव्या बसची फाइल गेमच्या मॉड्स फोल्डरमध्ये ठेवायची, आणि बसचा रंग बदलायचा तर लिव्हरीचे एक चित्र गॅरेजमधून निवडायचे. हे चित्र म्हणजे बसच्या बाजू सपाट उलगडून मांडलेला नमुना. कुठल्याही चित्रे रंगवायच्या अ‍ॅपमध्ये त्यावर गोव्याच्या सरकारी कदंब बसचे रंग चढवता येतात, पुढच्या काचेवर ‘पणजी – वाळपई’ अशी पाटी देवनागरीत लिहिता येते. पाटी चित्राचाच भाग असल्याने अक्षरे नीट उमटतात. गेमच्या आतला मजकूर मराठीत आणणे याहून कितीतरी कठीण. अनेक गेमच्या फाँटमध्ये देवनागरी नसतेच, मग रिकामे चौकोन दिसतात. कुठे फाँट बदलला तरी जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. ज्याला यात हात घालायचा असेल त्याच्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे.

सुरक्षितता आणि शिस्त

मॉड नेहमी त्या गेमच्या ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यावा: स्टीम वर्कशॉप, नेक्सस मॉड्स, माइनक्राफ्टसाठी मॉडरिंथ किंवा कर्सफोर्ज. स्टीम वर्कशॉप नवख्याला सगळ्यात सोपे. सबस्क्राइब केले की फाइल आपोआप जागेवर जाते. ओळखीचे ठिकाण म्हणजे हमी मात्र नव्हे. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ हे व्हायरससदृश सॉफ्टवेअर घुसवलेले सापडले. ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन चोरत होते. म्हणून आजच आलेला मॉड आजच टाकायची घाई नको. एक्सप्लोररमध्ये फाइलींच्या नावांचे शेपूट दिसेल असा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे जार म्हणून आलेली फाइल प्रत्यक्षात ईएक्सई आहे का ते डोळ्यांना दिसते. मॉड टाकण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या सूचनेवर विश्वास ठेवू नये.

ऑनलाइन खेळात मॉड घेऊन उतरणे म्हणजे खाते गमावण्याची तयारी. ‘जीटीए ५’मध्ये एकट्याने खेळताना मॉड चालतात, ऑनलाइन भागात त्यांना बंदी आहे; या गेमचे मॉड चालवणारा स्क्रिप्ट हूक हा प्रोग्रॅम तर खेळाडू ऑनलाइन जाऊ लागला की गेमच बंद करतो. पेनड्राइव्हवरून आलेल्या चोरीच्या गेमबद्दल एवढेच, की त्याची आवृत्ती जुनी आणि फाइली बदललेल्या असतात, त्यामुळे मॉड जुळत नाही, आणि विचारायला गेल्यास मॉड करणारेही मदत नाकारतात. त्यांचे बरोबर आहे. बहुतेक जण हे काम फुकट करतात. त्यांचा मॉड स्वतःच्या नावाने दुसरीकडे चढवणे ही चोरीच आहे.

पावसाळ्यात गोव्यातली वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. फाइल उतरत असताना किंवा कॉपी होत असताना वीज गेली तर अर्धवट फाइल उरते, आणि वरून ती पूर्ण दिसू शकते. झिप फाइली उलगडणाऱ्या सेव्हन-झिपमध्ये फाइल तपासण्याचा पर्याय आहे. उलगडण्याआधी तो वापरावा. डेस्कटॉपला यूपीएस असावा. फोनच्या हॉटस्पॉटवरून उतरवणाऱ्यांनी आकार आधी पाहावा, कारण चित्रे सुधारणारे मॉड काही जीबींचे असतात आणि दिवसाचा डेटा त्यातच संपतो.

मॉड काढणे

टाकण्यापेक्षा काढणे नाजूक. चित्रांचा किंवा रंगांचा मॉड केव्हाही काढता येतो. नवी पात्रे, वस्तू किंवा नियम आणणारा मॉड मधेच काढला तर त्याच्या खुणा सेव्ह फाइलमध्ये राहतात आणि तो डाव पुढे बिघडू शकतो. अशा वेळी मॉड टाकण्यापूर्वीच्या सेव्हवर परत जाणे हाच सुरक्षित उपाय. हाताने टाकलेल्या फाइली कोणत्या ते आठवत नसेल तर स्टीमवर गेमच्या फाइली पडताळून घेता येतात. बदललेल्या मूळ फाइली त्यातून परत येतात, पण मॉडने नव्याने आणलेल्या जादा फाइली तशाच राहतात. गेम अनइन्स्टॉल केला तरी हे लागू आहे. म्हणून अगदी कोरी सुरुवात करायची असेल तर अनइन्स्टॉल केल्यावर गेमचे उरलेले फोल्डर आणि डॉक्युमेंट्समधले फोल्डर, दोन्ही उघडून पाहावे, सेव्ह बाजूला काढावेत, बाकीचे पुसावे आणि मगच गेम पुन्हा इन्स्टॉल करावा.