नाशिकचे वामनदादा, मराठवाड्याची जयंती

बाबासाहेब आंबेडकरांवरची गाणी, म्हणजे भीमगीते, लिहिणारे कवी वामनदादा कर्डक मराठवाड्याचे नव्हेत. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. पोटासाठी मुंबई गाठली, मोठेपणी अक्षरे गिरवली, १९४३ साली पहिले गाणे जुळवले आणि १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये देह ठेवला. तरीही १५ ऑगस्टला सकाळचे झेंडावंदन आटोपले की नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर इथल्या कितीतरी वस्त्यांत संध्याकाळच्या जयंतीची लगबग सुरू होते. हार्मोनियमवाला येतो, ढोलकी चढवली जाते, फोटोला हार पडतो आणि रात्री उशिरापर्यंत एकाच माणसाची गाणी चालतात.

तारखेतही एक गंमत आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला वामनदादा पंचवीस वर्षांचे झाले, पण ते ज्या मुलखात पुढे डोक्यावर घेतले गेले तो मुलूख त्या दिवशी स्वतंत्र भारतात नव्हताच. मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. आणि त्यांची शंभरी भरली ती १५ ऑगस्ट २०२२ ला, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीच्या दिवशीच.

निजामी राजवट गाण्याच्या आड आली होती, हे ध्यानात घ्यायला हवे. नाशिक-मुंबईकडे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे (आडनाव तेच, गावही नाशिककडचे) आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते. इकडे सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. गश्ती क्रमांक ५३ चा, म्हणजे निजाम सरकारच्या त्या परिपत्रकाचा, जाच जुनी माणसे सांगत. त्यामुळे मराठवाड्यात हे गाणे खऱ्या अर्थाने मोकळे झाले ते १९४८ नंतर. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाने, म्हणजे पुढच्या मिलिंद महाविद्यालयाने, खेड्यातली पोरे नागसेनवनात, म्हणजे आपल्या आवारात, आणली. सुटीत ती गावी परतली की सोबत पुस्तके येत, तशी गाण्यांची वहीही येई. ही वही फार महत्त्वाची. छापील संग्रह ज्याच्या हाती कधी पडला नाही, त्याच्याकडेही उतरवून घेतलेली पन्नास गाणी असत.

मग आले नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला (मूळ नाव राखून बाबासाहेबांचे नाव जोडले गेले), तोपर्यंतच्या साडेपंधरा वर्षांत मोर्चा असो, धरणे असो की दुखवटा, गाण्यावाचून काही पार पडले नाही. या काळात वामनदादा मराठवाड्यात सतत हिंडत होते. कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम, जे पानात पडेल ते जेवण, आणि सुचले की तिथेच गाणे. त्यांची हजारो गाणी अशी इथे-तिथे विखुरली. आजच्या जयंतीला येणाऱ्यांपैकी पन्नाशी-साठी पार केलेल्यांचे नाते या काळातले आहे. पुढची पिढी आई-बापांकडून ऐकत आली.

पण दुसऱ्या मुलखातल्या कवीची जयंती इथे का, हे कोडे एवढ्याने सुटत नाही. गाणे लोकांचे होते तेव्हा सहसा लिहिणारा विसरला जातो, गाणारा उरतो. वामनदादांचेच पाहा. ‘चल ग हरणे तुरू तुरू’ हे त्यांचे गाणे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोरांनी म्हटले, पण ते कुणी लिहिले असे विचारले तर दहातले नऊ जण आढ्याकडे पाहतील. मग भीमगीतांच्या बाबतीत तसे का झाले नाही?

माझ्या मते याचे उत्तर गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आहे. वामनदादा तिथे स्वतःचे नाव ओवतात. ही रीत मराठवाड्याच्या कानाला दोन बाजूंनी ओळखीची. एकीकडे नर्सीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई. ‘नामा म्हणे’, ‘दासी जनी’ आल्याशिवाय अभंग पुरा होत नाही. दुसरीकडे उर्दू गझलेचा मक्ता, म्हणजे शेवटचा शेर, ज्यात शायर आपले तखल्लुस (टोपणनाव) घालतो. अठराव्या शतकातला सिराज औरंगाबादी याच मातीतला. रात्रभर चालणाऱ्या कव्वालीच्या सामन्यांची सवय असलेल्या या श्रोत्यांना वामनदादांची गझलेच्या वळणाची भीमगीते परकी वाटलीच नाहीत. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ आला की मांडवातून दाद येते आणि बक्षिसाची नोटही पुढे सरकते.

हीच नाममुद्रा पुढे कॅसेटच्या काळात उपयोगी पडली. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, लहान-मोठ्या कंपन्या निघाल्या, आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांच्या आवाजात भीमगीते बसस्टँडवरच्या टपऱ्यांपर्यंत पोचली. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचे नाव बारीक अक्षरात, कधी तेही नाही. कॅसेटवरून कॅसेट भरून घ्यायची तर वेष्टनच गळाले. गाण्यात शिवलेले नाव मात्र प्रत्येक नकलेत वाजत राहिले. पैशाचे तसे झाले नाही. गीतकाराचा मानधनातला वाटा सहजी काढून घेता येऊ नये, अशी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात झाली ती २०१२ मध्ये; तेव्हा वामनदादांना जाऊन आठ वर्षे झाली होती. प्रल्हाद शिंदेही त्याच २००४ साली गेले.

जयंतीचे आजचे रूप भीमजयंतीवर बेतलेले आहे. मराठवाड्यात भीमजयंती १४ एप्रिलला संपत नाही. चांगल्या गायन पार्ट्या मोजक्या, गावे अनेक. म्हणून पार्टीची तारीख मिळेल तशी एकेक गाव आपली जयंती ठरवते आणि हंगाम मे महिन्यापर्यंत लांबतो. ऑगस्टमध्ये १ तारखेला अण्णा भाऊ साठे, १५ ला वामनदादा. ऐन पावसात कलावंतांनाही काम मिळते, ही बाजू कुणी फारशी बोलून दाखवत नाही, पण आहे.

अलीकडे मिरवणुकीत डीजे शिरला. डीजेला मुखडा आणि ठेका पुरतो. अंतरे कापले जातात आणि पहिला बळी शेवटच्या कडव्याचा जातो. म्हणजे जे नाव कॅसेटला पुसता आले नाही ते स्पीकरच्या भिंतीपुढे गळून पडते. १५ ऑगस्टची बैठकीची मैफल म्हणूनच मला मिरवणुकीपेक्षा मोलाची वाटते. तिथे गाणे अखेरपर्यंत गायले जाते, आणि गायक कडवे विसरला तर समोरची एखादी आजी ते पुरे करते. कायद्याच्या हिशेबाने या गाण्यांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर साठ वर्षे, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत चालेल. मांडवातल्या त्या आजीला या हिशेबाशी देणेघेणे नाही. तिला पुढची फर्माईश सांगायची असते.