इमेज एडिटिंग सॉफ्टवेअर आणि रॅमचा जादा वापर

फोटोशॉप, गिम्प, क्रिता यातलं काहीही चालू असताना बहुतेक सगळी रॅम तेच खाऊन बसतं, मशीन रखडतं, कधी प्रोग्रॅम मधेच बंद पडतो, हा प्रॉब्लेम फोटोवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी येतोच. पण टास्क मॅनेजरमध्ये मोठा आकडा दिसला म्हणजे बिघाड झालाच असं नाही. ही सॉफ्टवेअर्स रॅम मुद्दाम धरून ठेवतात, फोटोशॉप तर फाइल बंद केली तरी घेतलेली मेमरी लगेच परत देत नाही, पुढच्या फाइलला लागेल म्हणून ठेवून देतं.

मुळात फाइलची साइज बघून अंदाज बांधू नये. डिस्कवर ८-१० एमबीची दिसणारी जेपीईजी उघडली की कॉम्प्रेशन सुटतं आणि प्रत्येक पिक्सेल रॅममध्ये येतो. ६००० बाय ४००० चा फोटो म्हणजे २.४ कोटी पिक्सेल, ८ बिट आरजीबीत (लाल, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाला १ बाइट) प्रत्येकी ३ बाइट, झाले ७२ एमबी. १६ बिटला १४४. गिम्प २.१० (२०१८) पासून ३२ बिट फ्लोटमध्येही (प्रत्येक रंगाला ४ बाइट) काम करता येतं, तिथे ट्रान्सपरन्सी धरून पिक्सेलला १६ बाइट, म्हणजे तोच फोटो ३८४ एमबी, आणि हे फक्त एका लेयरचं (चित्राच्या एका थराचं), असे दहा पूर्ण लेयर झाले की ४ जीबीच्या जवळ जातं. डीपीआय (छापताना एका इंचात किती ठिपके, तो आकडा) ३०० चा ७२ केला की मेमरी वाचते हा गैरसमज फार पसरलाय. पिक्सेल तेवढेच राहिले तर काहीच वाचत नाही.

दुसरा मोठा खर्च अनडूचा. फोटोशॉपमध्ये डीफॉल्ट ५० हिस्टरी स्टेट्स (मागे जायच्या पायऱ्या) असतात, ब्रशचा छोटा फटकारा मारला तर फक्त बदललेला तुकडा साठवला जातो पण पूर्ण फोटोवर ब्लर मारला की पूर्ण फोटोच साठवायला लागतो, त्यामुळे दोन-चार फिल्टर मारून बघितले की आकडा का उडतो ते कळतं. एडिट मेन्यूतल्या पर्जने हे रिकामं होतं, फक्त ते केल्यावर मागे जाता येत नाही, आणि उघड्या असलेल्या सगळ्याच फाइलींची हिस्टरी जाते.

खरंच रॅम कमी पडतेय का, ते कसं ओळखायचं? फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत एफिशिअन्सी दाखवायला लावायची, ती १०० टक्क्यांखाली गेली की काम स्क्रॅच डिस्कवर (रॅम पुरत नाही तेव्हा वापरायच्या डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेवर) गेलंय. गिम्पमध्ये डॅशबोर्ड उघडून स्वॅप (म्हणजे रॅमऐवजी डिस्कवर किती गेलंय) बघायचा. हे ठीक असेल तर रॅम ८० टक्के भरलेली दिसली तरी दुर्लक्ष करा.

फोटोशॉप डीफॉल्टला उपलब्ध रॅमच्या ७० टक्क्यांपर्यंत घेतं, लोक स्लो झालं की तो आकडा ९५ वर नेतात आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमलाच जागा उरत नाही, सगळंच आणखी रखडतं. गिम्पच्या टाइल कॅशचंही (चित्रासाठी किती रॅम वापरायची त्या मर्यादेचंही) तसंच, फार लहान ठेवला तर रॅम मोकळी असताना डिस्क घासत बसतं, रॅमपेक्षा मोठा ठेवला तर सिस्टीम स्वॅप करायला लागते. स्क्रॅच डिस्क शक्यतो एसएसडीवर, भरपूर मोकळी जागा असलेल्या ड्राइव्हवर ठेवावी. ‘स्क्रॅच डिस्क फुल’ हा मेसेज रॅमचा नसून डिस्कवरच्या जागेचा असतो, तरी लोक रॅम विकत घेऊन येतात.

मेमरी लीकची (प्रोग्रॅम जुनी मेमरी परत न वापरता नवी घेतच राहतो, त्या बिघाडाची) शंका असेल तर तीच फाइल काही वेळा उघडून बंद करून बघायची. आकडा एका जागी थांबला तर तो कॅश (पुढे लागेल म्हणून राखलेली मेमरी) आहे, दर वेळी चढतच गेला तर मात्र गडबड. अशा वेळी आधी प्लगइन बंद करावेत (फोटोशॉप सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं की बाहेरचे प्लगइन टाळायचा पर्याय येतो), मग सेटिंगमधली ग्राफिक्स प्रोसेसर वापरायची टिक काढून बघावी, ड्रायव्हर अपडेट करावा. आणि सॉफ्टवेअर जुनं ३२ बिटचं असेल तर एवढी सगळी खटपट करू नका, ते ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, मशीनमध्ये कितीही रॅम असो.